रिकामा सर्व्हर

माझ्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातला एक सर्व्हर दुरुस्तीला निघाला. त्यावरची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात चालणारे अनेक आभासी कॉम्प्युटर, तो घरूनच, लॅपटॉपवर, एकेक करून दुसऱ्या सर्व्हरवर हलवत होता. "चालू असतानाच हलवतो," तो म्हणाला. "वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

मीही तेच करत होते. लेकीला काही जाणवू नये म्हणून तिचा डबा, अभ्यास, वेणी, एकेक काम धाकट्या जावेच्या हाती देत होते. "ताई, तुम्ही निवांत राहा," जाऊ म्हणाली होती.

आता खांदा बरा झालाय, हात छान वर जातो. आज सकाळी मी कंगवा घेऊन बसले, तर लेक रिबिनी घेऊन माझ्यासमोरून तडक स्वयंपाकघरात काकूकडे गेली. जाऊ वेणीही माझ्यापेक्षा घट्ट घालते मेली.

नवरा लॅपटॉपपाशीच होता. मी विचारलं, "तुझा तो सर्व्हर झाला का दुरुस्त?"

"कधीच. रिकामा पडलाय."

"मग त्याची मशीन्स कधी परत येणार?"

"आपोआप नाही येत ती, आणावी लागतात. पण तिकडे व्यवस्थित चाललंय सगळं. उगाच कशाला हलवायचं?"

स्वयंपाकघरातून दोघींचं खिदळणं ऐकू आलं. मी कंगवा खाली ठेवला नाही.

"एक तरी परत आण," मी म्हटलं.