कॅलेंडरवरची सही

बाळंतपणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले, तेव्हा शलाकाने बँकेशी तडजोड करून देणारी कंपनी गाठली. कंपनीचा माणूस दरमहा बेलवलीला घरी येऊन रोख नेई. बँकेत मात्र रुपयाही पोचला नव्हता. बाळाला कडेवर घेऊन ती शेवटचं विचारायला उल्हासनगरच्या ऑफिसात आली. "पावती नाही, मग पैसे दिले कशावरून, मॅडम?" मॅनेजर हसला. तिने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर टेबलावर उलगडलं. दुधाच्या खाड्यांशेजारी, दर पाच तारखेच्या चौकटीत रकमेखाली त्याच्याच माणसाची सही होती. "दूधवाल्याचीसुद्धा सही घेते मी, साहेब." मॅनेजरचं हसू मावळलं. "ठेवून जा, चेक करून फोन करतो." त्याने हात पुढे केला. तिने पुढचं पान उलटलं. अठरा तारखेभोवती निळा गोल होता. "ठेवता नाही येणार. त्या दिवशी ग्राहक आयोगात माझ्या तक्रारीची सुनावणी आहे, तिथे हे लागेल. तुम्हीही या."