पुलापलीकडचं अपील

टोलच्या खिडकीतल्या माणसाने स्कूटरचे कागद परत सरकवले. "मावशी, स्थानिकांना टोल माफ, पण गाडी स्वतःच्या नावावर हवी. ही यजमानांच्या नावावर दिसते." "यजमान वर गेलेत. सहीला खाली बोलावू?" शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईने विचारलं. "मग अपील करा. कार्यालय पुलापलीकडे." "तिकडे जायला टोल?" "भरावाच लागेल." "म्हणजे माफी मागायला आधी दंड!" तिने पाटी वाचली: पायी जाणाऱ्यांस टोल नाही. किल्ली काढून तिने कमरेला खोचली आणि हत्यारांच्या पेटीसकट गाडी ढकलत निघाली. मागे हॉर्न बोंबलले. "अहो, गाडी चालवा ना!" खिडकीतला माणूस ओरडला. "गाडी कुठे चालतेय? मीच चालतेय!" त्याला रस्त्यावरचा आडवा दांडा उचलावाच लागला. ती पुलाच्या मध्यावर पोचली तेव्हा हॉर्न थांबले. तिने वळून पाहिलं. मागचा दूधवाला, त्यामागची नर्स, सगळेच किल्ल्या खिशात घालून गाड्या ढकलत होते.