नवनाथचा ब्रिज

बंद पडायचंच होतं, तर काल पडायचं, नाहीतर उद्या. पण नाही! नवनाथची आई गाडीत, तिच्या छातीत कळा, आणि इकडे दौंडच्या दवाखान्यात त्याच्या पडद्यावर लाल पट्टी आली. ब्रिज बंद.

नवनाथ त्या दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला. हृदयाचे मोठे डॉक्टर बसतात पुण्यात, दौंडला असतात एकट्या डॉक्टर अनुपमा. पेशंट आला की पुण्याचे डॉक्टर व्हिडिओवर येतात, कार्डिओग्राम बघतात आणि सांगतात, द्या इंजेक्शन किंवा देऊ नका. त्यांच्या शब्दाशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन अनुपमा टोचत नाहीत. चुकीच्या माणसाला दिलं तर डोक्यात रक्तस्राव होतो, तेव्हा त्यांचंही बरोबरच आहे.

हे सगळे व्हिडिओ कॉल एकत्र जोडणारी यंत्रणा म्हणजे ब्रिज. कुणाची वेळ कधी, हे ठरवणारं सॉफ्टवेअर निराळं. दोघांचा एकमेकांशी बोलण्याचा संबंधच नव्हता. वेळ ठरायची आणि ब्रिजला पत्ता नसायचा. डॉक्टर पडद्यासमोर ताटकळताहेत आणि पेशंट बाहेर बाकावर पेंगतोय, असे तमाशे रोजचे. नवनाथनं जिवाचं रान करून ती सोयरीक जुळवली. आता वेळ नोंदली की ब्रिज आपोआप चालू होणार होता. आणि ब्रिजला काही झालं, तर त्या वेळेशी जोडलेल्या प्रत्येकाला मेसेज जाणार होता, मग तो डॉक्टर असो की पेशंटच्या घरचा माणूस.

दवाखान्याचे अध्यक्ष ज्ञानदेव आप्पांची एकच अट होती. "मेसेज समदे मराठीत पायजेत. आपल्या मान्साला इंग्रजी बघून घाम फुटतो. एक जरी शब्द इंग्रजी दिसला तर माझ्याशी गाठ हाय!"

नवनाथनं एका बैठकीत सगळे मेसेज मराठीत उतरवले. आप्पांनी ते मोठ्यानं वाचले आणि त्याची पाठ थोपटली.

आज सकाळी ते सगळं चालू झालं. आणि दुपारी धाकट्या भावाचा, सुदर्शनचा फोन.

"दादा, आईच्या छातीत दुखतंय. डाव्या हातात कळ जातीय. घामानं नुसती निथळतीय रं."

नवनाथचं घर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. "शिरूर लांब पडंल," तो म्हणाला. "सरळ इकडं आण तिला. मी पुण्याच्या डॉक्टरांना जोडून ठेवतो."

त्यानं वेळ नोंदली. पेशंट पार्वतीबाई, घरचा नंबर सुदर्शनचा. ब्रिज चालू झाला. नवनाथनं श्वास सोडला आणि तेवढ्यात ती लाल पट्टी.

अनुपमा धावत आल्या.

"मॅडम, कार्डिओग्रामचा फोटो पाठवून साध्या फोनवर विचारलं तर?"

"त्यांनी पेशंट बघितल्याशिवाय, नुसत्या फोनवरच्या शब्दावर मी हे इंजेक्शन देणार नाही, नवनाथ. मागे एकदा हात पोळलेत माझे. तुम्ही तो ब्रिज चालू करा. आई पोचायच्या आत करा."

फोन वाजला. सुदर्शन.

"दादा, दवाखान्याचा मेसेज आलाय. बंद हाय म्हनत्यात. खरं का?"

"खरंय रं बाबा! बंदच हाय. त्याच्यासाठीच मरतोय हितं."

"मग आता?"

"लिवलंय तसं कर की! माझं डोकं खाऊ नको. आईला बोलती ठेव."

"बरं," सुदर्शन म्हणाला आणि फोन बंद झाला.

नवनाथ पडद्यात घुसला. वेळ ठरवणारं सॉफ्टवेअर ब्रिजला एकच निरोप पुन्हा पुन्हा देत होतं, अन् ब्रिज त्या ओझ्यानं गुदमरला होता. स्वतःच जुळवलेली सोयरीक स्वतःच्याच हातानं तोडायची पाळी आली. त्यानं तोडली. अडकलेले निरोप पुसले, ब्रिज बंद करून पुन्हा चालू केला. आईनं त्याला शिकवायला दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली होती, आणि त्या शिक्षणाचा उपयोग आज नाही तर कधी व्हायचा?

पट्टी हिरवी झाली. पडद्यावर पुण्याचे डॉक्टर आले.

"बोला, पेशंट कुठे आहे?"

"येतेय सर, एवढ्यात येतेय," नवनाथ म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. जिंकलो, असंच त्याला वाटलं.

इंजेक्शन तयार होतं. दारात स्ट्रेचर लागलं. अनुपमा हातमोजे घालून उभ्या. गाडी मात्र येईना. सुदर्शनचा फोन लागेना. पुण्याचे डॉक्टर दुसरा पेशंट थांबवून बसून राहिले. ब्रिज आता एकदाही बंद पडला नाही.

शेवटी गाडी आली. अनुपमा आत वाकल्या. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि हातमोजे काढले.

"वाटेतच गेल्या," त्या हळूच म्हणाल्या.

नवनाथनं सुदर्शनची गचांडी धरली. "इतका येळ कुठं मेला हुतास? कवाच यायला पायजे हुतास तू!"

"पाटसवरनं फिरून आलो दादा. कारखान्याच्या ट्रॉल्या, निस्ता ऊस... कुणी वाट दीना. आई तुझं नाव घेत हुती."

"आरं, पण नेहमीचा रस्ता सोडून पाटसला कशाला गेलास?"

"तूच म्हनलास की, लिवलंय तसं कर." सुदर्शननं खिशातून मोबाइल काढून भावाच्या हातात दिला. दवाखान्याच्या नावानं, शुद्ध मराठीत, मेसेज होता:

"पूल बंद आहे. कृपया पर्यायी मार्गाने यावे."