सात देवांचा टोला

"सात म्हण," दसरू म्हणाला. "दुसरं काई म्हणू नको."

अहेरीच्या मोटारीतून उतरून सुकलूला अजून घटकाही झाली नव्हती. दसरू त्याच्या शेजारच्या गावचा, चार वर्षांपासून चांद्यात सागवानाच्या टालावर ओंडके उचलणारा. पठाणपुरा दरवाजा येईपर्यंत त्याने शहाणपणाची अख्खी पाटी सुकलूच्या डोक्यावर रिकामी केली होती. खानावळीत आधी भाव विचार. शिपाई दिसला की रस्ता बदल. विहिरीवर शहरातल्या बाया असतील तर तहान मार. कोणी गोड बोलला तर गाठोडं घट्ट धर.

"पण आम्ही सहा देववाले," सुकलू म्हणाला.

"ते गावात. टोला सात देववाल्यांचा हाये. कोलू मुकादम दुसऱ्याले अंगणात उभा करत नाई. अन् त्यानं नाई म्हटलं का टालावर बी काम नाई."

"तू किती सांगतले?"

"इथी सगळे सातच हायेत," दसरू म्हणाला आणि बाजूला थुंकला.

सुकलूला परतायला जागा नव्हती. दोन्ही बैल वाघाने नेले होते आणि भावाने चूल वेगळी केली होती.

टोला म्हणजे परकोटाबाहेरची दहा-बारा झोपड्यांची वस्ती. कोलू खाटेवर बसून कडक फुटाणे चावत होता. राम राम नाही, पाणी नाही.

"गाव?"

सुकलूने एटापल्लीकडच्या आपल्या गावाचे नाव सांगितले. कोलूचे चावणे थांबले.

"तुझ्या मागून अजून कोणी येनार हाये तिकडून?"

"नाई, भाऊ."

"किती देव?"

जंगलातली माणसे एकमेकांना अशीच ओळखतात. ज्यांच्या देवांची संख्या एक, ते भाऊ. भाऊ दारात आला तर त्याला जागा द्यावीच लागते.

"सात," सुकलू म्हणाला.

कोलूने हातातले फुटाणे खाली ठेवले. "मंग भाऊ झाला. भावाले हाकलता येत नाई, नाईतर हाकललं असतं. कोपऱ्यातली झोपडी घे. गावच्या गोष्टी इथी सांगायच्या नाई. गावच्या मानसाले इथी बोलवायचं नाई."

त्या दिवशी भाताचे ताट कोलूच्या मुलीने आणून दिले. बुधरी तिचे नाव. आई वारल्यावर कोलूने तिला कडेवर घेऊन अठरा वर्षांपूर्वी इथे आणले होते, गाव तिला आठवतही नव्हते.

"घे, दादा," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तो शब्द सुकलूला गोड लागला. महिन्याभरात तो टोचायला लागला. सात देवांची बुधरी आणि सात देवांचा सुकलू बहीणभाऊच. बहीणभावात सोयरीक होत नाही, तसे मनात आणणेही पाप. खरे देव सांगितले असते तर हेच घर सोयरिकीचे होते. पण मग या अंगणात पायच ठेवता आला नसता. आपल्याच तोंडाने त्याने आपली वाट बंद केली होती, आणि दसरूवर चिडून काही उपयोग नव्हता.

कोलूने त्याला कधी जवळ केले नाही. सगळ्यांत जड ओंडका सुकलूच्या खांद्यावर, पाणी प्यायला सगळ्यांत शेवटी सुकलू. चार माणसांत कोलू म्हणे, "हे तिकडचं पोट्टं मले पटत नाई."

इरई नदीचा पूर ओसरला तेव्हा शेजारच्या झोपडीतल्या बिरजूने मोठे कासव धरून आणले. टोल्यात हंडा चढला. कासव हा सुकलूच्या कुळाचा, सहा देववाल्यांचा देव. त्याच्याकडे बघून हात जोडायचे, ताटात घ्यायचे नाही.

"पोट दुखून राह्यलं," तो म्हणाला आणि दूर जाऊन बसला.

कोलूने सगळ्यांना वाढले. स्वतः मात्र वाडगाभर पेज घेतली. "मटन चावाले दात राह्यले नाई माये," तो म्हणाला. कोणी लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर बुधरीने कपड्यांचे गाठोडे खाली ठेवले.

"तुयं पोट दुखत नव्हतं."

"काऊन म्हणतं असं?"

"काल सकाळी तीन ताटं भात खाल्ला तू. ते कासव तुले चालत नाई." तिने वर पाहिले. "मले तुले दादा म्हणवत नाई आता. बापाले खरं सांग. मारन तो, पण सांग."

सुकलूला इतका आनंद झाला की भीती काही वेळ आठवलीच नाही. टालावर पोचेपर्यंत मात्र ती भीती आठवली. काम जाईल, झोपडी जाईल, हाडेही जातील. पण न सांगावे तर बुधरी उद्या कोणा सहा देववाल्याच्या घरी जाईल, आणि भाऊ म्हणून तिची पाठवणी त्यालाच करावी लागेल.

कोलू ओंडक्यावर एकटा बसला होता. हाताशी ओंडके हलवायची लोखंडी सब्बल होती.

"भाऊ, मी खोटं बोललो. मी सात देववाला नाई."

कोलूची मूठ सब्बलीवर आवळली. "मंग किती?"

"सहा. मले बुधरी पाह्यजे. मारायचं असन तर मारा, पन आता सोयरीक होऊ शकते."

कोलू उठला. सब्बल खांद्यापर्यंत वर गेली. सुकलू जागचा हलला नाही.

"म्हनून कासव खाल्लं नाई तू?"

"आमचा देव हाये तो."

सब्बल हळूहळू खाली आली. कोलूने ती ओंडक्याला टेकवून ठेवली, खिशातून मूठभर फुटाणे काढले आणि त्यातला एक दाताखाली फोडला. कडकन आवाज झाला.

"माया बी तोच देव हाये," कोलू म्हणाला. "बुधरीले कडेवर घेऊन या टोल्यात आलो, तेव्हा मी बी सातच सांगतले होते."