आहेरातला हीटर

सोलापूरच्या उन्हात रूम हीटर घेऊन करायचं काय? म्हणून नवऱ्याच्या निरोप समारंभात मिळालेला हीटर वैजयंतीने दुधनीच्या नणंदेच्या वास्तुशांतीत आहेर करून टाकला होता. आज पेपरात त्याच हीटरचा फोटो आला. तो पेट घेतो, वापरू नका, कंपनी घरी येऊन बदलून देईल. वैजयंतीने लगेच नणंदेला फोन लावला.

"वन्सं, आमचा हीटर लावला नाही ना?"

"न्हाय गं. हितं कुटं थंडी? वेळापूरच्या भीमाला दिला की, दुकानाच्या पूजेला."

दीर भीमाने फोन उचलला आणि चाचरतच म्हणाला, "वहिनी, तो तर... तुमच्याच उदयसिंहाच्या लग्नात आणलावता की आमी."

वैजयंतीने माळा उपसला. मुलाच्या लग्नातल्या आहेरांच्या ढिगात हीटर होता, सील जसंच्या तसं. देवच पावला म्हणायचा!

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस जुना घेऊन नवाकोरा हीटर देऊन निघाला. जाताना म्हणाला, "बाई, लावून दाखवू?"



"अहो, खोक्याला हात लावू नका! रविवारी वन्संच्या लेकीचं लग्न आहे."