एकतीस चुका

स्क्रीनवर एकतीस चुका होत्या. सकाळी बावीस होत्या. तिने त्यातल्या दोन दुरुस्त केल्या, तर एकतीस झाल्या.

पाच वाजेपर्यंत प्रोजेक्ट पाठवायचा होता. दवाखान्यात येणाऱ्या बायकांची नोंद करणारं छोटंसं वेब ॲप. कोडिंगच्या वर्गातल्या सगळ्यांना सरांनी एकच नमुना दिला होता. पास झालं तर तीन महिने उमेदवारी, मग जमलं तर नोकरी. आता तीन वाजून गेले होते. तिला रडूसुद्धा येत नव्हतं, इतकी ती दमली होती.

वडील चहा घेऊन आले. "झालं का?"

"कुठलं व्हायला! चार दिवस झाले. आता तर काय चुकलंय तेच कळेना."

वडील वाकून बघू लागले. छापखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती, छापखान्याला कुलूप लागेपर्यंत.

"हे आहे कशात? इंग्रजीत?"

"अर्धं इंग्रजीत. अर्धं कशातच नाही. तुम्हाला नाही कळायचं, बाबा."

"कळायला कशाला हवंय? कायद्याची ही एवढाली पुस्तकं तपासली मी. त्यातलं एक वाक्य कळलं असेल तर शपथ. मूळ प्रत आहे का?"

नमुना तिच्या मोबाइलमध्ये होता.

"मग तू वाच, मी बघतो. कंस, स्वल्पविराम, सगळं तोंडाने म्हणायचं. तुला वाटलं म्हणून काही गाळायचं नाही."

वेडेपणाच होता, पण तिच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. ती वाचू लागली. वडील पेन्सिलीचं टोक स्क्रीनपासून बोटभर लांब धरून ओळीओळीने खाली येत होते. एका सुरात, न थांबता. हळूहळू तिचाही आवाज तसाच झाला.

"थांब. हा महिरपी कंस मिटलाच नाही."

"एका कंसाने काय होतंय? चुका एकतीस आहेत."

"दार उघडं टाकून गेल्यावर घरात कोण कोण शिरलं, ते मोजत बसायचं नसतं. आधी दार लाव."

तिने कंस घातला. एकतीसच्या चार झाल्या. ती ताठ बसली.

"पुढे," वडील म्हणाले.

शेवटची चूक सापडायला तासभर गेला. एकाच शब्दात वरच्या ओळीत मोठा एन होता, खालच्या ओळीत लहान.

"मशीनला हे दोन वेगळे शब्द वाटतात," ती वैतागून म्हणाली.

"मशीनचं बरोबर आहे."

तिने तो बदलला आणि ॲप पुन्हा चालवलं. या वेळी एकही लाल ओळ आली नाही. पांढरं पान उघडलं, त्यावर फॉर्म. वडिलांनी तिचा गार झालेला चहा पिऊन टाकला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"भरून बघ की," ते म्हणाले.

पेशंट म्हणून तिने स्वतःलाच घेतलं. नाव. वय अडतीस. पत्ता या घराचा. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती दोन बॅगा घेऊन आली होती, तेव्हा वडिलांनी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता. विचारलं काहीच नव्हतं.

चौथा रकाना पतीच्या नावाचा होता. शेजारी लाल चांदणी. तिने तो तसाच सोडला आणि बटण दाबलं.

ही माहिती भरल्याशिवाय नोंद होणार नाही, अशी लाल अक्षरं उमटली.

त्या रकान्याची ओळ मघाशी दोघांनी वाचली होती. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं. तिच्यात चूक नव्हती.

"काहीतरी लिही," वडील खालच्या आवाजात म्हणाले. "बघण्यापुरतंच तर आहे."

तिची बोटं नुसतीच कळांवर राहिली.

"माझं घाल हवं तर. फॉर्म काय घरी येतोय विचारायला?"

ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. ते हसूही फार टिकलं नाही.

"नमुन्यात होतं म्हणून घेतलं मी," ती म्हणाली. "वाचलं पण नव्हतं."

"असू दे. सव्वाचार झालेत. तुझ्या सरांना ते चालतंय एवढंच बघायचं असेल. पाठवून दे, आणि जरा पड."

तिने मान हलवली, हो म्हटल्यासारखी. मग फॉर्म बंद करून ती पुन्हा कोडमध्ये गेली, पतीच्या नावाची ओळ शोधली आणि खोडून टाकली.

स्क्रीन लाल झाला. सात चुका. त्या रकान्याचा उल्लेख आणखी सात ठिकाणी होता, आणि सातही ठिकाणी मशीनची तक्रार एकच होती: हे नाव सापडत नाही.

"अगं, चालत होतं की ते!" वडील म्हणाले.

"चालत होतं, बाबा," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून तिने पहिली चूक उघडली.