दोनचा अर्थ

ऋजुताच्या हातून भांडं पडलं, तसं घर कुजबुजलं, "हळू. सुधन्वा झोपलेत."

तिचा नवरा सुधन्वा इस्पितळात वारला, त्याला वर्ष होत आलं होतं.

शहरातली घरं आणि इस्पितळं एकमेकांना माणसांची अवस्था आकड्यांनी कळवत. जागा, झोपलेला, मृत, हाच क्रम; पण इस्पितळं शून्यापासून मोजत आणि घरं एकपासून. इस्पितळाचा दोन म्हणजे मृत, घराचा दोन म्हणजे झोपलेला. ही प्रणाली ऋजुताच सांभाळत होती. घोळ तिला कधीच कळला होता, पण ती कोणाला बोलली नव्हती. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं असे आणि तीही त्या दारावरून पाय न वाजवता जाई.

दुपारी सहकारी फडतरेचा फोन आला.

"मॅडम, एक मुलगी घरी झोपली होती. इस्पितळाने तिला मृत धरलं आणि तिचा घरचा प्राणवायू तिकडूनच बंद केला. आई शेजारी होती म्हणून वाचली. आता सगळीकडे शून्यापासून मोजायचं की एकपासून?"

ऋजुताने लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"आकडेच नकोत," ती म्हणाली. "अवस्था शब्दांत लिहायची. सगळ्या घरांत, इस्पितळांत, आजच."

बदल तिने स्वतःच केला.

संध्याकाळी घर वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोललं. "सुधन्वा मृत आहेत. खोलीत कोणी नाही."

ती आत गेली. घराने वर्षभर त्याच्यासाठी उबदार ठेवलेली गादी तिच्या तळव्याखाली हळूहळू गार होत गेली.